बिनघराची चौकट

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाची पोरं कॉलेजात येतात ती आभाळाला टेकणारे टॉवर डोक्यात घेऊन, आणि कल्पिता पेडणेकर त्यांच्या हातात वीट देते. विषय, बांधकाम आणि साहित्य. मानपाड्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या कॉलेजात या विषयाला फारसं कोणी विचारत नाही. डिझाइन शिकवणारे म्हणजे लग्नातले नवरदेव, आणि हा विषय शिकवणारी बाई म्हणजे मांडवात पाण्याची पिंपं भरली का ते बघत फिरणारी आत्या. कल्पिताला त्याचं काही वाटत नसे. ती हट्टी बाई. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर आवाज खणखणीत आला की बद्द, हे ज्याला कळत नाही त्याने घराचं चित्रसुद्धा काढू नये, असं तिचं मत होतं आणि ते ती कोणालाही ऐकवायची.

दर वर्षी दिवाळी आटोपली की मागच्या अंगणात ती पोरांकडून खरीखुरी भिंत बांधून घेई. सिमेंटमध्ये नव्हे, मातीच्या गाऱ्यात. मार्क देऊन झाले की भिंत उतरवायची, विटा खरवडून रचून ठेवायच्या, पुढच्या वर्षी त्याच विटा पुन्हा. या वर्षी तिच्या मनात आलं की भिंतीत दाराची चौकटही घालू. नव्या चौकटीला कॉलेज पैसे देणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून ती शीळ रोडला काळुरामच्या वखारीत गेली. पाडलेल्या घरांचं लाकूड तिथे मिळतं. काळुरामने सागवानाची एक चौकट दाखवली, उंबऱ्यासकट. उंबऱ्यावर हळदीकुंकवाचे इतके थर की खालचं लाकूड दिसेना.

"खाडीकडच्या गावातली आहे," तो म्हणाला. "बिल्डरने आळीच्या आळी पाडली. घेऊन जा मॅडम. उंबरेवाली कोण घेतंय आता?"

चौकट उभी करायच्या दिवशी दक्षता पुढे आली. ही ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मुलगी, वर्गात सगळ्यांत आधी येणारी. "मॅडम, चौकट उभी करताना पूजा करतात. निदान हळदकुंकू तरी लावू. आमच्यात असं कोरडं नाय उभं करत."

"अगं, इधर कोण राहायला येणारे?" प्रीतम म्हणाला. वर्गातली सगळी थट्टा त्याच्याच खात्यावर जमा असायची.

"हा सराव आहे, दक्षता, घर नाही," कल्पिता म्हणाली. "ओळंबा धर."

चौकटीला बांबूचे टेकू लागले, दोन्ही अंगांनी विटांचे थर चढू लागले, आणि मग कल्पिताच्या लक्षात आलं की पोरांनी चौकट उलटी लावली आहे. दाराची फळी ज्या खाचेत बसते ती खाच असते आतल्या बाजूला, कारण आपल्याकडे घराचं दार आत उघडतं. पोरांनी खाच केली होती कॉलेजच्या कुंपणाकडे. दुसरी कोणी असती तर चौकट फिरवायला लावली असती. कल्पिताला त्यात धडा दिसला.

"सांगा बघू, घर कुठल्या बाजूला आहे?"

"कुठेच नाही मॅडम. नुसती भिंत आहे."

"चौकटीला विचारा. खाच जिकडे, तिकडे घर. म्हणजे आपण सगळे आत्ता बाहेर उभे आहोत. आणि तिकडची ती बदामाच्या झाडाखालची गवताची पट्टी, ती आतली खोली."

पोरं हसली. कल्पिताही हसली. हे तिने बोलायला नको होतं, असं आता आपण म्हणू शकतो. पण मास्तर माणसाला दाखला सापडला की तोंड आवरत नाही.

आधी चपला निघाल्या. एका दुपारी कल्पिता मजले मोजल्यासारखी भिंतीचे थर मोजत होती, तेव्हा तिला चौकटीच्या अलीकडे बुटांची आणि सँडलची ओळ दिसली. आत गेलेली पोरं अनवाणी, तीही कुसळं असलेल्या गवतात. कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर त्यांनाच ठाऊक नाही. प्रीतम आपल्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, मी कधी काढले?" त्यानंतर कल्पिताने कान दिला, तर असंही लक्षात आलं की जो तो उंबरा ओलांडला की आवाज खाली आणतो. उघड्या अंगणात, वर आभाळ, बाजूला एमआयडीसीच्या ट्रकांचे हॉर्न, आणि ही दांडगट पोरं आत कोणी आजारी असावं तशी कुजबुजत वीट मागत होती.

कॉलेजची दोन कुत्री होती, दिवसभर पायात येणारी. ती उंबऱ्यापर्यंत येत आणि शेपूट हलवत बसून राहत, आतून कोणी पोळीचा तुकडा आणून देईल अशी वाट पाहत. कल्पिताला राग आला. भीतीचा पहिला पाहुणा रागच असतो. तिने कुत्र्यांना हाकललं आणि पोरांना बूट घालायला लावले.

शिवानी ही कल्याणपलीकडच्या मोहने गावातली मुलगी. अबोल, पण तिचा हात असा सरळ की तिने लावलेल्या थराला दोरी धरावी लागत नसे. भिंत छातीच्या वर गेली तेव्हा कल्पिताने तिला आतल्या अंगाने ओळंबा तपासायला पाठवलं. ती चौकटीतून आत गेली, काम केलं, आणि परत येताना दारात प्रीतम आणि मंडळी रील काढत उभी. त्यांना कशाला हटवा, म्हणून ती भिंतीच्या टोकाला वळसा घालून बाहेर आली. असा वळसा तोवर कोणी घातला नव्हता. चौकटीतून ये-जा करायची पोरांना गंमत होती.

"मॅडम, तुम्ही मला आतून हाक मारली का?" बाहेर येऊन तिने विचारलं.

"मी तर इथे सावलीत बसले आहे."

"नाही, कोणीतरी 'कोण आहे' असं विचारलं. बाईचा आवाज होता. मी बोलले, मी आहे."

कल्पिताने ते कानाआड केलं.

मग बारीकसारीक चुकायला लागलं. कॅन्टीनवाल्याने सगळ्यांना चहा दिला आणि शिवानीपुढून ट्रे तसाच पुढे नेला. प्रीतम तिच्या स्टुलावर जाऊन बसला, ती मागे उभी असताना. वर्गात कल्पिताने स्वतः म्हटलं, "सगळे आले? चला," आणि दार लावून घेतलं. दाराबाहेर शिवानी होती. असं एकदा होतं, दोनदा होतं. पण भिंतीचे मार्क सांगताना कल्पिता सगळ्यांची नावं घेऊन थांबली, आणि समोरच्या एका मुलीकडे बघून तिला वाटलं, ही कुठल्या वर्गातली? तेव्हा मात्र तिने यादीवर पुन्हा बोट फिरवलं, आणि शिवानीचं नाव सुटलेलं सापडलं.

त्या संध्याकाळी शिवानी स्टाफरूमच्या दाराशी आली. डोळे रडून रडून सुजलेले. "मॅडम, घरी माझं ताट मांडत नाहीत."

"भांडण झालंय का?"

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आई माझ्याशी नीट बोलते. खूप नीट. मला 'तुम्ही' बोलते ती."

कल्पिता तिच्याबरोबर मोहन्याला गेली. रेयॉनच्या जुन्या कारखान्यापलीकडची चाळ, दोन खोल्या, लखलखीत घासलेली भांडी. शिवानीच्या आईने हसून या म्हटलं, पाणी दिलं, धाकट्या संचिताला चहा टाकायला सांगितलं. शिवानी कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली, परक्या घरात बसतात तशी.

"आमची ही एकच मुलगी," आई संचिताकडे बघत म्हणाली. "हिलापण तुमच्या लाइनीला टाकायचा विचार आहे. खर्च फार येतो का हो?"

"आणि ही?" कल्पिताने कोपऱ्याकडे बोट केलं.

आईने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही, नुसती माया. "ही ना, कोणाची तरी मुलगी आहे बिचारी. राहते आमच्याकडे. कॉलेज लांब पडत असेल. गुणाची आहे, भांडीपण घासते." मग जरा पुढे झुकून हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीची आहे का? घरचे न्यायला कधी येणार?"

कल्पिताने चहाचा कप खाली ठेवला. हा गोड, परका आवाज तिने ऐकलेला होता. तिची आई शेवटची काही वर्षं कल्याणच्या फ्लॅटमध्ये तिच्यापाशीच होती. एका सकाळी आईने तिला सिस्टर म्हणून हाक मारली, औषध घेतलं आणि थँक्यू म्हटलं. पुढे मरेपर्यंत आई तिच्याशी तसंच अदबीने बोलली. कल्पिताला आईच्या शिव्या खाल्लेल्या परवडल्या असत्या. आईचं तसं झालं ते म्हातारपणाने, त्यावर इलाज नव्हता. पण या बाईचं वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, आणि मुलगी समोर जिवंत बसलेली. हे आपण होऊ द्यायचं नाही, असं तिने त्या खोलीतच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने दक्षताला गाठलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. अख्ख्या वर्गात फक्त ही मुलगी त्या चौकटीतून कधी आत गेली नव्हती.

दक्षताने नखाने विटेची माती खरवडत सगळं ऐकलं. "मॅडम, माझी आत्या बोलते, ज्या दाराने घरात गेलात त्याच दाराने बाहेर पडायचं. नायतर घराला वाटतं माणूस अजून आतच हाय. शिवानी दारातून गेली आणि कुठून आली? भिंतीच्या बाजूने. आता ती बाहेर फिरते, पण बाहेरचे तिला मोजत नाहीत. ती आत मोजली जाते."

"मग तिला आत नेऊ आणि दारातून बाहेर काढू."

"ती येणार नाय. घरात बसलेलं माणूस असंच उठून जात नाय ना. घरचं कोणी बोलवायला लागतं."

विटा, चुना, वाळू शिकवणाऱ्या बाईने यावर हसायला हवं होतं. ती हसली नाही, कारण शनिवारी गॅदरिंगचा मांडव घालायला अंगण मोकळं हवं होतं, आणि प्राचार्यांनी भिंत उतरवायची सूचना लावली होती. भिंत गेली की दार गेलं. मग ही पोर कुठून बाहेर येणार?

शनिवारी सकाळी कल्पिताने पालकांना कामं बघायला बोलावल्याचं निमित्त केलं आणि शिवानीच्या आईला घेऊन आली. बाई आली, पण कोणाचं काम बघायचं हे तिला कळत नव्हतं. शिवानीला कल्पिताने आधीच चौकटीतून आत पाठवलं होतं आणि बजावलं होतं, आईने हाक मारली की दारातून ये. मुलगी आत गेली, तिने पायातले सँडल काढले आणि बदामाच्या बुंध्याशी बसली. बसली ती अशी, की इतके दिवस आखडलेले तिचे खांदे पहिल्यांदा सैल पडले. घरी आलेलं माणूस बसतं तशी.

"ये शिवानी," कल्पिता म्हणाली.

"नको मॅडम," ती आतून म्हणाली. "इथे बरं आहे. इथे मला विचारतात."

"कोण विचारतं?"

मुलीने कुंपणाकडे बघून कोणाला तरी मान डोलावली.

कल्पिताला पुढचा विचार सुचला नाही. ती सरळ उंबरा ओलांडून आत गेली. आत काही नव्हतं. तेच गवत, तीच बदामाची पिकली पानं. फक्त ट्रकांचे हॉर्न लांब गेले होते, आणि कुठेतरी जवळच कोणीतरी पोळ्या लाटत होतं. पोळपाटाचा तो टक टक आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता. तिने शिवानीचा दंड धरून ओढला. मुलगी हलली नाही. तिने अंग ताठ केलं नव्हतं की हिसडा दिला नव्हता, तिला नुसतं उठायचं नव्हतं.

"हाक मारा तिला," कल्पिता चौकटीतून ओरडली. "तुमची मुलगी आहे ती."

शिवानीची आई बाहेर उभी, पदर सावरत, अवघडलेली. "मॅडम, माझी मुलगी घरी आहे. तुमची काहीतरी गफलत होतेय." तिने मान वाकवून आत पाहिलं, पाहुण्यांच्या मुलीकडे बघतात तसं कौतुकाने. शिवानीने आईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. वेणीचं टोक तिने तोंडात घातलं आणि चावू लागली.

आईच्या कपाळाला आठी पडली. कल्पिताने ती आठी पाहिली आणि शिवानीचा दंड सोडला. बाई आधी दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होती, लोकाच्या पोरीला काय बोलायचं म्हणून. पण ते तिला जमेना. शेवटी ती फणकारली. "वेणी काढ तोंडातून. शंभरदा सांगितलंय, केस पोटात जातात. आणि मातीत काय बसलीस? नवा ड्रेस आहे तो. ऊठ, शिवे. घरात ये आधी."

नाव तोंडातून निघालं आणि बाई स्वतःच दचकली. शिवानी उठली. लहानपणी ओरडा खाल्ल्यावर उठत असेल तशीच, नाक ओढत, आणि अनवाणी उंबरा ओलांडून बाहेर गेली. आईने तिच्या ड्रेसची माती झटकली, एक धपाटा घातला, आणि मग तिला जवळ घेऊन अशी रडायला लागली की अंगणातली पोरं हातातलं काम टाकून बघत राहिली. "किती वाळलीस गं. जेवत नाहीस का?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. दोघी फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा आईचं बोलणं अजून चालूच होतं.

कल्पिताचं काम झालं होतं. एक माणूस बाहेर गेलं होतं, आणि घराला मोजायला आत आता तीच उरली होती. आता दोन पावलं टाकली की उंबरा. तिने पाऊल टाकलं नाही. पाय जड नव्हते, कोणी धरलेही नव्हते. रविवारी दुपारी जेवून पडल्यावर कोणी बाजारात चल म्हटलं तर जसं वाटतं, तेवढंच तिला वाटत होतं. जाऊ थोड्या वेळाने.

बाहेर प्रीतम म्हणाला, "चलो, घ्यायची का पाडायला? मॅडम कुठे गेल्या?" तो तिच्याकडे बघूनच बोलत होता, आणि त्याची नजर भिंतीवरून सरकावी तशी तिच्यावरून सरकली.

दक्षता मात्र चौकटीपाशी धावत आली. तिचेही डोळे कल्पिताला शोधत होते, थोडे इकडे, थोडे तिकडे. "मॅडम, या बाहेर."

कल्पिताला ते ऐकू आलं. पण मॅडम अशी हाक तर दिवसभर कोणीही मारतं. बँकेतला शिपाईसुद्धा मारतो. ती जागची हलली नाही.

"मॅडम, असं नाय चालणार," दक्षताचा आवाज चिरकला. "तुम्हाला घरी काय बोलायचे? घरातलं नाव सांगा."

घरातलं नाव. ते घेणारं आता पृथ्वीवर कोणी उरलं नव्हतं. भाऊ ठाण्याला असतो, तो ताई म्हणतो, तेही दिवाळीला. तिला ते आठवायलाच वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा या पोरीसमोर सांगायची लाज वाटली.

"ठकू," ती म्हणाली. "ठकू म्हणायचे."

दक्षता उंबऱ्याशी वाकली. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि आपल्या मास्तरणीला हाक मारायची होती. "ठकू," ती कशीबशी म्हणाली. "ठकू, घरी ये. जेवायला थांबलेत."

हाक अवघडलेली होती, उसनी होती, पण कल्पिताच्या पायात ती पोचली. तिने उंबऱ्याकडे पाऊल उचललं. तेवढ्यात पाठीमागचा पोळ्या लाटायचा आवाज थांबला.

"ठकू," आतून हाक आली. "अगं ठकू, कुठे निघालीस? पोळी तव्यावरून काढलीय. गरम आहे तोवर खा बाई."

तो आवाज आईचा होता. सिस्टर म्हणणाऱ्या आईचा नव्हे, त्याच्या आधीच्या आईचा. त्यात परकेपणाचा कणही नव्हता. या आवाजासाठी कल्पिताने किती रात्री त्या पलंगाच्या कडेला बसून काढल्या होत्या. एकदा, फक्त एकदा नावाने हाक मार, असं ती झोपलेल्या आईला सांगायची. आता आई हाक मारत होती. मागे वळलं असतं तर दिसलीही असती.

"ठकू, ऐकतेस ना?"

कल्पिताने ओठ दातांखाली धरले. आईच्या हाकेला तिने जन्मात कधी ओ द्यायचं टाळलं नव्हतं. आत्ता मात्र, शिवानीचं 'मी आहे' आठवून, तिने ओ दिली नाही. दक्षताच्या चेहऱ्यावर डोळे लावून ती उंबरा ओलांडून बाहेर आली.

ट्रकांचे हॉर्न एकदम कानावर आदळले. पोरं थाप्या घेऊन भिंतीपाशी जमली होती. "मॅडम, कुठे होता तुम्ही?" प्रीतम म्हणाला. "प्राचार्य दोनदा विचारून गेले. सुरू करू ना?"

कल्पिता चौकटीकडे बघत राहिली. बाकी कोणाला काही ऐकू येत नव्हतं. दक्षताने तिचा हात घट्ट धरला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होती. आतली हाक थांबली नव्हती. आता तीत थोडी काळजी उतरली होती, उशीर झाल्यावर उतरते तशी.

"वरच्या थरापासून घ्या," कल्पिता म्हणाली. "सावकाश. विटा फुटता कामा नयेत."